वैनी, टिटवी वाजत नाय

प्रत्येक दुरुस्तीनंतर माझ्याकडे एक तरी स्क्रू उरतो. का उरतो, हे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा फर्स्ट क्लासमध्ये पास होऊनही मला समजलेलं नाही. झाकण नीट बसतं, बटण दाबलं की वस्तू चालते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि टेबलावर तो एवढासा स्क्रू राहिलेला असतो. फेकायचा धीर होत नाही. न जाणो, उद्या माणूस परत आला तर! म्हणून मी तो लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकते. किस्सेही असेच उरतात. वस्तू मालकाबरोबर घरी जाते, तिच्याबरोबर आलेली गोष्ट माझ्याकडे राहते. बरणी आता गळ्यापर्यंत आलीय. स्क्रू तुमच्या काही कामाचे नाहीत, तेव्हा किस्से घ्या.

मालवणपासून अर्ध्या तासावर, खाडीच्या काठाला आमचं घर. पडवीत माझ्या नवऱ्याचं, निलेशचं, दुकान. गरी, दोरा, शिसं, दांड्या, थोडक्यात गरवायला, म्हणजे गरीने मासे पकडायला, जाणाऱ्याला लागतं ते सगळं. दुकानाच्या कोपऱ्यात माझं टेबल, आणि टेबलावर बहुतेक वेळा पोट उघडून पडलेला एखादा बाइट अलार्म. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: साबणाच्या वडीएवढी डबी. दांडी टेकवायच्या खुंटावर ती बसवायची आणि दोरा तिच्या चाकावरून न्यायचा. माशाने दोरा ओढला की चाक फिरतं आणि डबी बोंब मारते. काहींबरोबर छोटा रिसीव्हर येतो. तो खिशात टाकला की माणूस जरा लांब जाऊन गप्पा मारत बसू शकतो. आमच्याकडे या डबीला कुणी अलार्म म्हणत नाही. तिचं पहिलं किंचाळणं ऐकून खाडीवर कोणीतरी 'टिटवी' म्हणालं, तेव्हापासून ती टिटवीच.

टिटवीचे आजार मोजकेच. चाकात रेती जाते, खाऱ्या हवेने बॅटरीच्या पट्ट्यांवर हिरवा थर चढतो, आत ओल शिरते. माझा पहिला उपाय ठरलेला. डबी दोन्ही हातांत धरायची, तोंड जवळ न्यायचं आणि फू! कॉलेजात सरांनी बजावलं होतं की सर्किटवर फुंकर मारू नका, तोंडातली वाफ जाते. त्यामुळे मी अजूनही आधी इकडेतिकडे बघून घेते आणि मग मारते. निम्म्या टिटव्या तेवढ्यानेच बऱ्या होतात. डिप्लोमाची तीन वर्षं कशासाठी गेली, हा प्रश्न मी स्वतःला विचारायचं सोडून दिलंय.

आणि टेबलाखाली ओवी. माझी मुलगी. दोन वर्षांची व्हायला तीन महिने. हौसेने नाव ओवी ठेवलं, आणि तोंडातून अजून एक शब्द नाही. आई नाही, बाबा नाही, 'नको'सुद्धा नाही. हाक मारली तर कधी बघते, कधी नाही. पंचक्रोशीतल्या मुक्या डब्यांना मी वाचा देते, पण माझ्या टेबलाखालच्या या माणसाचं झाकण काही उघडून बघता येत नाही.

*

माझ्या सासूबाईंना मी आई म्हणते. टिटवीचं ओरडणं घराला चांगलं नाही, असं आईंचं ठाम मत. त्यामुळे बाबल पहिल्यांदा दारात उभा राहून "वैनी, टिटवी इली" म्हणाला, तेव्हा त्याला त्यांनी पायरीवरच थांबवलं. बाबल रिक्षा चालवतो, म्हणजे गरवण्यातून वेळ मिळाला तर चालवतो. टिटवीचं नाव उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, असा कायदा झाला. मग म्हणायचं काय? आई म्हणाल्या, नुसतं 'वस्तू' म्हणा.

बाबल कायदा पाळणारा माणूस. दुसऱ्या दिवसापासून तो टिटवी काळ्या पिशवीत गुंडाळून आणायला लागला. पायरीवर थांबायचा, मागे बघायचा, आणि आवाज खाली आणून सांगायचा, "वैनी, ती वस्तू आणलंय." त्याचं बघून बाकीचेही तेच करायला लागले. संध्याकाळ झाली की एकेक बाप्या काळी पिशवी छातीशी धरून आमच्या पडवीत शिरतोय आणि हळूच विचारतोय, आपली वस्तू तयार आहे का. पंधरा दिवस हे असं चाललं.

सोळाव्या दिवशी शेजारच्या काकूंनी आईंना विहिरीवर बाजूला घेतलं. "तुमच्याकडे गोव्याची मिळता मां? आमच्या ह्यांच्या गुडघ्याक लावूक जराशी व्हयी होती."

त्या संध्याकाळी आई पडवीत आल्या आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "टिटवी म्हणा रे! टिटवीच म्हणा!"

*

बँकेतले साहेब पुण्याहून बदली होऊन आलेले. गरवण्याचा छंद त्यांनी इथे आल्यावर, पुस्तक आणून, पहिल्या पानापासून सुरू केला. त्यांच्याकडे टिटव्या तीन, परदेशातून मागवलेल्या, आतून मऊ अस्तर असलेल्या पेटीत. एके दिवशी ती पेटी त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि शांतपणे सांगितलं की तिन्ही डिफेक्टिव्ह आहेत, दोन महिन्यांत एकही वाजलेली नाही.

मी इकडेतिकडे बघून फुंकर मारली. रेतीचा कण नव्हता. चाकं तर अशी फिरत होती की बघत राहावं. मग बॅटरीचा कप्पा उघडला. बॅटरी आणि पट्टी यांच्यामध्ये पारदर्शक प्लॅस्टिकची चिठ्ठी. नव्या वस्तूला असते ना, आधी ओढून काढायची, तीच. तिन्ही डब्यांत होती! आता इतकं सोपं निघालं म्हणजे माझंच काहीतरी चुकत असणार, या भीतीने मी पुढची दहा मिनिटं मीटर लावून उगाच आकडे बघत बसले.

मग न राहवून विचारलं, "पण साहेब, दोन महिन्यांत मासा नाही लागला?"

"लागणार कसा? अलार्मच वाजला नाही ना!"

हळूहळू उलगडा झाला. साहेब दर रविवारी तीन गऱ्यांना कोळंबी लावून पाण्यात टाकायचे आणि खुर्चीत वाचत बसायचे. अलार्म वाजल्याशिवाय दोऱ्याला हात लावायचा नाही, असं पुस्तकात होतं. संध्याकाळी दोरा गुंडाळला की गऱ्या स्वच्छ. कोळंबी पाण्यात विरघळते, अशी त्यांची समजूत झाली होती.

बाबल बाजूला शिसं निवडत होता. तो मान वर न करता म्हणाला, "तरीच. दोन महिने झाले, रयवारी माझ्या गरीक कोण तोंड लावीत नाय. सगळ्यांका सायबांकडे जेवान."

साहेबांच्या टिटव्या आता वाजतात, म्हणजे वाजू शकतात. पण तो आवाज साहेबांना फार कर्कश वाटला. त्यांनी तिन्हींचा आवाज शून्यावर नेलाय आणि मासा आला की नुसता लाल दिवा लुकलुकतो. दोऱ्याकडे बघत बसावं लागू नये म्हणून टिटवी घेतली, आणि आता ते दिव्याकडे बघत बसतात. ओवीला मात्र हा दिवा फार आवडला. साहेब आले की ती टेबलाखालून बाहेर येते आणि त्यांच्या पेटीपुढे फतकल मारते.

*

बस्त्यांव अंकल हायस्कूलचे निवृत्त गणित मास्तर. गावातल्या अर्ध्या लोकांचे पाढे त्यांनी पाठ करून घेतलेत, आणि उरलेले अर्धे त्यांना बघून अजूनही रस्ता ओलांडतात. त्यांची तक्रार अशी की टिटवी वाजत नाही. माझ्या टेबलावर ती खणखणीत वाजायची. घेऊन जायचे, दुसऱ्या दिवशी परत हजर. "बाय, वाजना नाय." मी आतला स्विच बदलला. परत आले. स्पीकर बदलला. परत आले. मास्तर रागावत नव्हते, पण नापास झालेल्या मुलीकडे बघतात तसं बघायचे, आणि मला ते लागायचं.

शेवटी ओवीला कडेवर घेऊन मी स्वतः खाडीवर गेले. अंकल दगडावर बसले होते, टिटवी त्यांच्यापासून दोन हातांवर. दोघं बघत राहिलो. तेवढ्यात दोरा ताणला, चाक गरगरलं आणि टिटवी अशी किंचाळली की पलीकडच्या काठावरचा बगळा उडाला आणि बाबलने तिकडून हात हलवला. अंकल पाण्याकडे बघत होते. अगदी शांत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? वाजना नाय."

बिघाड सापडला, पण तो माझ्या स्क्रूड्रायव्हरच्या आवाक्यात नव्हता. बारीक, उंच आवाज अंकलना ऐकूच येत नव्हता. आणि त्याच क्षणी दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या किंचाळीला दोन माणसांनी मान वळवली नव्हती. एक सत्तरीतलं होतं. दुसरं माझ्या कडेवर.

त्या दिवशी मी अंकलचं काम करून दिलं, एवढं आठवतं. टिटवीचा आणि तिच्या रिसीव्हरचा सूर अगदी खाली आणला आणि एकाऐवजी दोन ठोके लावले. टूं-टूं. कानांचं काही बोलले नाही. डबीचा घसा बसला होता, बदलून दिला, एवढंच सांगितलं. अंकलनी चाक फिरवून ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "आता कशी माणसासारखी बोलता!"

पुढच्या रविवारी अंकल दांडी लावून समोरच्या चर्चमध्ये मिसाला गेले, रिसीव्हर खिशात. त्याचा आवाज कमी करायला मी विसरले होते. पाद्रींचं प्रवचन रंगात आलं असताना खिशातून टूं-टूं. अंकल उठले, क्रूस केला आणि सरळ बाहेर चालते झाले. मिसा संपल्यावर पाद्री स्वतः खाडीवर आले.

"मास्तर, माझां प्रवचन मनाक लागलां, की पालू गरीक लागलो?"

*

बाबलच्या टिटवीचं दुखणं नेमकं उलटं. ती सारखी वाजायची. वारा आला, वाजली. भरती चढली, वाजली. दोऱ्यावर कुर्ली चालली, वाजली. टिटिटिटिटि, थांबायचं नावच नाही. बाबल दिवसाला चाळीस वेळा धावायचा आणि चाळीस वेळा रिकामी गरी बघून परत बसायचा. मी बघितलं तर सेन्सिटिव्हिटीचं बटण शेवटच्या टोकाला! मी ते खाली आणून दिलं. दुसऱ्या दिवशी बघते तर परत टोकाला. मी विचारलं तर म्हणाला, "वैनी, बटण खाली केलंय आणि मासो हळू इलो तर?"

मी त्याला चांगलं लेक्चर दिलं. दोरा हलला म्हणजे मासाच असतो असं नाही, प्रत्येक हलण्याला धावलं तर माणूस दमतो आणि खरा मासा येतो तेव्हा अंगात त्राण उरत नाही. फार छान बोलले मी.

हे बोलणारी बाई त्याच आठवड्यात काय करत होती, ते आता सांगते. खाडीवरच्या त्या दिवसानंतर मला कशाचाच भरवसा वाटेनासा झाला. ओवी दुपारी पाळण्यात झोपली की ती रडेल आणि मला ऐकू येणार नाही, किंवा ती रडणारच नाही आणि मला कळणार नाही, असं काहीतरी डोक्यात बसलं. मी एक जादा टिटवी घेतली, दोरा पाळण्याला बांधला, बटण टोकाला, रिसीव्हर कमरेला खोचला आणि बांगडे साफ करायला बसले. वाजली. हाताला खवले तसेच, धावले. वारा. परत वाजली. मांजर. परत वाजली. आई पाळण्याला हात लावून पुढे गेल्या होत्या. बांगड्यांचं तिखलं होईपर्यंत मी चौदा वेळा धावले. ओवी मजेत झोपलेली.

निलेश जेवायला बसला आणि पंधराव्यांदा वाजली. मी पळी हातात घेऊन उठले. तो भात कालवता कालवता म्हणाला, "सेन्सिटिव्हिटी कमी कर गो."

पटलं मला. पाळण्याकडे गेले आणि बटण खाली केलं. मागून आवाज आला, "टिटवीची नाय म्हणत मी."

हे बाबलला सांगायची काय गरज होती? पण सांगितलं. आता तो पायरीवरूनच विचारतो, "वैनी, आज बटण खंय आसा?"

*

आरोंद्याच्या एका गिऱ्हाइकाची टिटवी दुरुस्त होऊन फळीवर पडून होती. मालक महिनाभर फिरकला नाही. बॅटरी उतरत आली की ही जात बोंब मारत नाही, बऱ्याच वेळाने एकदा बारीक आवाज करते: चुक. फळीच्या खाली भिंतीला टेकून आई दुपारी तांदूळ निवडत बसतात.

अशाच एका दुपारी शेजारच्या काकू आल्या, ओवीकडे बघत राहिल्या आणि मग नको तो प्रश्न विचारला. अजून बोलत नाही ना? मी मान खाली घालून टेबलावर नसलेलं काहीतरी शोधायला लागले. आई सूप हलवत म्हणाल्या, "बोलतली. पावसाच्या आधी बोलतली."

फळीवरून आवाज आला. चुक.

आईंनी लगेच बोटांनी जमिनीवर टकटक केलं. "कृष्ण कृष्ण!" बोलता बोलता पाल चुकचुकली की ते बोलणं खरं ठरतं, ही त्यांची पक्की समजूत. काकूंनीही टकटक केलं. मी डिप्लोमावाली. पाल नव्हे, बॅटरी आहे, हे मला ठाऊक होतं. नवी बॅटरी ड्रॉवरमध्ये होती. दोनदा मी ती घेऊन फळीपर्यंत गेले, आणि दोनदा परत आले.

दुसऱ्या दुपारी आईंनी आपणहून विषय काढला. "घडाघडा बोलतली." मग सूप मांडीवर ठेवून गप्प बसल्या. दहा मिनिटं गेली असतील. चुक. "कृष्ण कृष्ण!" तिसऱ्या दुपारी त्या नुसत्या "आधी आवशीक हाक मारतली" म्हणाल्या, आणि ती आवस, म्हणजे मी, सोल्डरिंगची कामं बाजूला ठेवून श्वास रोखून बसले होते, हे कबूल करायला हरकत नाही.

चौथ्या दिवशी आरोंद्याचा माणूस उगवला. मी टिटवी खाली घेतली आणि नवी बॅटरी घालायला कप्पा उघडला. आई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही अशा बेताने वाकल्या आणि म्हणाल्या, "गो, जुनी बॅटरी टाकू नको. आपल्या एखाद्या टिटवीक घाल."

*

कुडाळला कानाच्या तपासणीची तारीख मिळाली. छोटी खोली, भिंतींना गाद्या लावलेल्या. ओवी माझ्या मांडीवर, तिच्या कानांवर मोठे हेडफोन, आणि काचेपलीकडे तपासणाऱ्या मॅडम. बीप ऐकू आला की मूल त्या बाजूला बघतं, एवढी साधी तपासणी. पहिला बीप. ओवी समोर बघत होती. जरा मोठा बीप. समोरच. उंच, खालचा, लांबट, तुटक. ओवीने जांभई दिली.

मॅडम पुन्हा पुन्हा बटणं दाबत होत्या. त्यांच्या यंत्राच्या पाठीला एक स्क्रू नव्हता, तो बघून मला उगाच जरा धीर आला.

मी काचेवर टकटक केलं. "मॅडम, हिच्या घरी दिवसभर हेच वाजत असतं. माझं दुरुस्तीचं काम आहे. टिटव्यांचं."

"कशाचं?"

"टिटव्यांचं."

मॅडमनी माझ्याकडे बघत कागदावर काहीतरी लिहिलं. ते ओवीबद्दल होतं की माझ्याबद्दल, देव जाणे. मग मी खाडी, दोरा, चाक सगळं समजावलं, आणि बाईंना पटलं. त्यांनी समजुतीने सांगितलं की आज काहीच ठरवता येणार नाही. पंधरा दिवस घरात हे आवाज पूर्ण बंद ठेवा आणि परत आणा. बाहेर पडताना कुणीतरी चिवड्याची पिशवी फोडली आणि ओवीने मान वळवली. वळवली की मला तसं वाटलं? येताना रस्ताभर मी तेच आठवत होते.

निलेशने गरवणाऱ्यांना काय सांगितलं कोण जाणे. दुसऱ्या सकाळी पायरीवर एक स्टीलचं पातेलं दिसलं. येणारा प्रत्येक जण आपल्या टिटवीची आणि रिसीव्हरची बॅटरी काढून त्यात टाकायचा आणि मगच आत यायचा. कुणी मला एक शब्द विचारला नाही. पहिल्या दिवशी आईंनी ते पातेलं बघून विचारलं, हे काय. बाबल म्हणाला, "देवळात चपला काढून जाततच मां? तसां."

*

नवव्या दिवशी सकाळी मी बस्त्यांव अंकलची टिटवी उघडून बसले होते. चाकात मिठाचा खडा धरला होता. घरात चिटपाखरू नसल्यासारखी शांतता. नऊ दिवस ओवीला हाका मारून मारून माझाच घसा बसला होता. ती कधी बघत होती, कधी नाही. सहा दिवसांनी परत कुडाळ.

टूं-टूं.

मी दचकले. टिटवी माझ्या हातात होती, बॅटरी बाहेर पातेल्यात. कप्पा रिकामा. कपॅसिटरमध्ये चार्ज राहिला असेल? इतका वेळ राहत नाही. इकडेतिकडे बघून फुंकर मारली. फू!

टूं-टूं.

मीटर लावला. शून्य. मीटर आपटला, परत लावला. शून्य. आधीही कधी कधी दुरुस्त करून ठेवलेल्या टिटव्या उगाच वाजायच्या आणि मी ते वाऱ्यावर ढकलायचे. आज वारा नव्हता. माझं डोकं फिरलंय, हे शेवटी इथे ठरणार असं दिसत होतं. मान वर केली तर दारात बस्त्यांव अंकल. त्यांचा हात खिशात गेलेला. "माझी वाजली?" त्यांनी रिसीव्हर काढून उलटा केला. पाठीमागचा कप्पा रिकामा.

त्यांच्या मागून बाबल पायरी चढला.

टिटिटिटिटि!

"वैनी, मी काढलंय बॅटरी!" बाबलने दोन्ही हात वर केले. "पातेल्यात बघ! आवशीची शपथ!"

आवाज टेबलाखालून येत होता. मी खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसले. ओवी टेबलाच्या पायाला धरून उभी होती आणि बाबलकडे बघत होती. बाबलचे दोन्ही हात रिकामे, त्याची टिटवी बाहेर पायरीवरच राहिली होती.

कुणी काही बोलायच्या आत साहेब आले. हातात पेटी. पायरीवर त्यांनी नेमाने तीन बॅटऱ्या मोजून ठेवल्या आणि आत येऊन विचारलं की सगळे असे का उभे आहेत. ओवीने त्यांच्याकडे बघितलं. आवाज नाही. आमचेच चेहरे जरा उतरले. मग ओवीने हात पुढे केला आणि मूठ उघडली, मिटली, उघडली, मिटली.

साहेबांनी मागे वळून बघितलं. अंकलनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सायबानू, तुमचो दिवो."

गडबड ऐकून आई तांदळाचं सूप घेऊन बाहेर आल्या. ओवी त्यांच्याकडे वळली.

"चुक."

आईंनी सूप खाली ठेवलं. गुडघ्यांवर हात टेकून सावकाश बसल्या आणि बोटांनी जमिनीवर टकटक केलं. "कृष्ण कृष्ण," म्हणाल्या.

मी तिथेच बसलेली. माझ्यासाठी कुठला आवाज, हे विचारायचं होतं. ओवी टेबलाखालून बाहेर आली. माझ्यासमोर उभी राहिली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तोंड अगदी जवळ आणलं. आधी इकडे बघितलं, मग तिकडे बघितलं.

"फू."